नोकरी सोडायचं ठरलंय, तारीख ठरत नाहीये

पॅनलवाला | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चूकभूल द्यावी घ्यावी.

वय ३६, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंट दोन्ही बघतो. सेवा ९ वर्षं २ महिने. हातात ४१ हजार पडतात. त्याआधी चाकणला दीड वर्ष काढलं, तिथला पीएफ लग्नात काढून संपवला. बायको खासगी शाळेत शिकवते, तिला १४ हजार. मुलगी चौथीत. विश्रामबागच्या पुढे वन बीएचके, हप्ता १२,६००, अजून नऊ वर्षं आहेत. आई-वडील गावी पलूसकडे, ३० गुंठे ऊस. बँकेत सव्वाचार लाख आहेत.

बाहेरची कामं २०१९ च्या पुरानंतर सुरू झाली. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस लोकांचे बुडालेले इलेक्ट्रिकल पॅनल उघडायचे, धुवायचे, वाळवायचे, एवढंच केलं. तेव्हा ओळखी झाल्या त्या झाल्या. आता दर रविवारी कुठे ना कुठे जातो. व्हीएफडीची (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) सेटिंग, मशीन चालवणाऱ्या पीएलसीतली बारीकसारीक दुरुस्ती, टेंपरेचर कंट्रोलर. माधवनगर, पलूस, तासगाव, मिरज.

गेल्या महिन्यातलं एक सांगतो म्हणजे माझं दुखणं कळेल. रविवारी रात्री साडेनऊला तासगाव रोडच्या एका कोल्ड स्टोरेजवरून फोन. चेंबर थंड होईना, डिस्प्ले १४ अंश दाखवतोय, पाचला सेट केलंय आणि दोन दिवस कॉम्प्रेसर थांबलेला नाही. आत बेदाण्याचे बॉक्स छतापर्यंत. कॉम्प्रेसरवाला येऊन गॅस बघून गेला होता, त्याला काही सापडलं नव्हतं. मी दार उघडून आत गेलो तर गारठा कानाला झोंबला. १४ अंशांत असा झोंबत नाही. साधा काचेचा थर्मामीटर टांगला, दहा मिनिटांनी बघितलं तर ४. म्हणजे गारवा खरा होता, आकडा खोटा होता. सेन्सरचा जंक्शन बॉक्स खोलला तर आत पाणी शिरून टर्मिनलवर हिरवा गंज. तापमान मोजणाऱ्या पीटी-१०० सेन्सरचा रोध अंशाला ०.३८५ ओहम बदलतो. त्या गंजानं जवळजवळ ४ ओहम वाढवले होते, झाले की दहा अंश. टर्मिनल घासलं, नवी लग मारली, बॉक्सला सिलिकॉन लावलं. वीस मिनिटांचं काम. डिस्प्लेवर ४.२ आलं आणि कॉम्प्रेसर आपसूक थांबला. दोन दिवसांनी एवढी शांतता झाली की वॉचमन पळत आला, काय बिघडलं म्हणून.

मालकांनी विचारलं, किती द्यायचे? मी म्हणालो, द्या काय ते. त्यांनी पाचशेची नोट दिली, वर दोन किलो बेदाणा.

येताना गाडीवर डोकं भणभणत होतं. काम येतंय, हात चालतोय, मग सोमवारी सकाळी सात वाजता कार्ड पंच करायला का जायचं? सोडायचं हे मनात पक्कं आहे. कधी, ते कळत नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असला की सोडावं असं सगळीकडे वाचतो. तेवढा आहे, तरी पाय निघत नाही. ज्यांनी सोडली त्यांनी नेमकी कधी सोडली आणि तीच तारीख का, ते सांगा.

भडंगवाला | सोमवार, रात्री ११:४२

दोन किलो बेदाणा? पाचशे धरून चांगलाच रेट पडला की भावा. (गंमत आहे, हलकं घ्या.)

कंदीपेढा | मंगळवार, सकाळी ८:०५

वाचतेय. नवराही याच वळणावर आहे, म्हणून.

माळावरचा | मंगळवार, सकाळी ९:३०

अरे, तू पलूसकडचा आणि असा प्रश्न विचारतोस? तुझ्या गावाशेजारीच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआय कॉलेजात शिकवत होते, बढती डावलली तशी नोकरी सोडून बेळगाव गाठलं. पुढे १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली, तो नुसता खडकाळ माळ होता. आज बघ. विचार करणारे विचारच करत बसतात.

जुना वेल्डर | मंगळवार, दुपारी १:१५

धंद्याच्या धाग्यावर दहा प्रतिसादांच्या आत किर्लोस्कर आले नाहीत असं अजून झालेलं नाही.

माळावरचा, माणूस थोरच, पण गोष्ट पुरी सांगा. ते मुंबईत पगार घेत होते तेव्हाच बेळगावात भावाचं सायकलचं दुकान चालू होतं, मुंबईहून सायकली घेऊन धाडत होते. म्हणजे त्यांचाही आधी रविवारचा धंदाच होता. आणि लोखंडी नांगर केला तर तो खपायला दोन वर्षं गेली, लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. ती दोन वर्षं काय खाल्लं, हे कोणी सांगत नाही.

पॅनलवाला, मिरज एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, चौदा वर्षं झाली. तुझी पोस्ट दोनदा वाचली. काम येतंय हे लिहिलंस, हात चालतो हे लिहिलंस. पैसे किती आले ते लिहिलं नाहीस. दोन वर्षांत बाहेरचं काम एकूण केवढ्याचं केलंस, त्यातले हातात किती आले, बाकी कोणाकडे आहेत? वही असेल तर आकडे टाक. मग तारखेचं बोलू.

पॅनलवाला | मंगळवार, रात्री १०:२०

वही आहे. गेल्या दोन वर्षांत १ लाख ८६ हजारांचं काम. हातात आले १ लाख १२ हजार. ७४ हजार येणं आहे, सात जणांकडे. लिहिताना मलाच कसंतरी झालं. डोक्यात होतं वीस-पंचवीस हजार असतील.

पण यातले बहुतेक चांगले लोक आहेत, बुडवणारे नाहीत. मागायला जीव होत नाही एवढंच. जेवायला बसवतात, मुलीला खाऊ देतात. त्यांना पैसे कसे मागायचे?

जुना वेल्डर | मंगळवार, रात्री १०:५०

बिल किती जणांना दिलंस?

पॅनलवाला | मंगळवार, रात्री १०:५८

तिघांना. बाकीच्यांना तोंडीच आकडा सांगितला होता.

जुना वेल्डर | मंगळवार, रात्री ११:३०

मग ते बुडवत नाहीयेत, तू मागितलेच नाहीस. कागद आला नाही तर कोणत्या गिऱ्हाइकाला आठवण राहते? माझ्याकडे जुनी बिलं पडलीत, मीसुद्धा ज्याचा फोन येतो त्याचं आधी काढतो.

माझं मत रोखठोक सांगतो, पटलं तर घे. सहा महिन्यांचा खर्च, वर्षाचा खर्च, हे गणित पगारदारांनी पगारदारांसाठी केलेलं आहे. धंद्यात शिल्लक संपायला वेळ लागत नाही. वसुली जमत नसेल तर सव्वाचार लाख आठ महिन्यांत गिऱ्हाइकांच्या खिशात जातील आणि तू म्हणशील धंदा चालला नाही. धंदा चांगला चाललेला असेल, पैसे फक्त तुझ्याकडे नसतील. माझं पहिलं शेड असंच बसलं. ऑर्डरी भरपूर, ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला पैसे नाहीत.

तेव्हा आता राजीनामा बाजूला ठेव. या सात जणांकडचे ७४ हजार आधी गोळा करून दाखव. पाच आठवडे घे. नोकरी आहे तोवर हे शिकायला फुकट आहे. नंतर तेच शिकायला हप्ता थकतो.

भडंगवाला | मंगळवार, रात्री ११:३५

+१. आरं, 'द्या काय ते' म्हणायचं बंद कर बाबा. सलूनवाला तरी म्हणतो का, द्या काय ते?

मिरजकरीण | बुधवार, सकाळी ७:१०

सगळं वाचलं. पगार, हप्ता, ओहम, बेदाणा, सगळं आहे. बायकोला काय वाटतं ते कुठंच नाही. विचारलंय का तिला?

माझ्या नवऱ्यानं नोकरी सोडली तेव्हा मला पाच तारखेला सांगितलं. सोडली होती एक तारखेला. धंदा आता बरा चाललाय, पण ते चार दिवस अजून निघतात भांडणात.

पॅनलवाला | बुधवार, रात्री ९:४५

खरं सांगू, विचारलं नव्हतं. तिला अंदाज आहे असं मी धरून चाललो होतो. आज संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, "मला तुझ्या धंद्यातलं कळत नाही, पण पाच तारखेला माझ्या खात्यात २८ हजार आले पाहिजेत. कुठून आणतोस ते विचारणार नाही." तिनं आकडा एका दमात सांगितला. म्हणजे तिनं हिशेब कधीच करून ठेवला होता. शाळेची फी, हप्ता, गावाकडचे पैसे, किराणा, सगळं धरून. मीच मागे होतो.

आकडेमोड | बुधवार, रात्री ११:०५

मी सांगलीतच सीए आहे. तारखेबद्दल एक ठोस मुद्दा आहे, तो कोणी काढलेला नाही.

तुमची सेवा ९ वर्षं २ महिने. थांबा अजून चार-साडेचार महिने. कारणं दोन.

ग्रॅच्युइटी: शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुमचा बेसिक-डीए २६ हजार धरला तर वर्षाला बरोबर १५ हजार होतात. आज सोडलं तर ९ वर्षांचे १ लाख ३५ हजार. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षं ओलांडली की १० वर्षांचे दीड लाख.

पेन्शन: ईपीएसला (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेला) दहा वर्षं सेवा लागते आणि तिथंही सहा महिने वर झाले की वर्ष पूर्ण धरतात. चाकणचं तुम्ही काढून टाकलंत, ते धरता येणार नाही. म्हणून इथलेच साडेनऊ. पेन्शन काही फार नाही, पगाराच्या १५ हजारांच्या मर्यादेवर १० वर्षांचे साधारण महिना २,१४३ रुपये, तेही ५८ नंतर. पण चार महिने आधी उठून ते सोडायचं कशाला? वर काही दिवस जाऊ द्या, काठावर राजीनामा देऊ नका, आणि रुजू झाल्याची तारीख एचआरकडून कागदावर बघा. मनातली तारीख आणि रेकॉर्डची तारीख यात फरक निघालेला मी बघितलाय. कंत्राटावर घेऊन नंतर कायम केलेल्यांचं तर हमखास.

आता बाकीचं. पगाराच्या स्लिपा आहेत तोवर बँकेची कामं उरका. घराच्या कर्जावर टॉपअप किंवा ओव्हरड्राफ्ट लिमिट घ्यायचं असेल तर आत्ता. एकदा स्वतःचा धंदा म्हणालात की बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील असतील तर सोडायच्या आधी स्वतःची पॉलिसी घ्या. जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. कंपनीची पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे तिच्याकडेच आधी विचारा, ग्रुपमधून वैयक्तिकमध्ये जाता येतं, मग काढलेली वर्षं वाया जात नाहीत.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आहे, फुकट आहे. एजंटाला हजार रुपये देऊ नका. जीएसटी सेवेसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही. पण मिरजेहून कर्नाटकातलं कागवाड-अथणी हाकेच्या अंतरावर. तिकडे जाऊन नुसती दुरुस्ती केलीत तर प्रश्न नाही, मात्र पॅनल बनवून विकलात तर तो दुसऱ्या राज्यात माल गेला, मग पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आपल्या भागात इथं बरेच जण अडकतात.

आणि ते १ लाख १२ हजार रिटर्नमध्ये दाखवलेत ना? उत्तर इथं देऊ नका.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ६:५०

साखर कारखान्यातून निवृत्त आहे, इन्स्ट्रुमेंट विभागातच होतो. पॅनलवाल्यांना एक सीझनचं सांगावंसं वाटतं.

आपल्या भागात कारखान्यांची रिपेअरी गाळप संपल्यावर, म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यात. काम भरपूर, पण त्या काळात कारखान्याच्या हातात रोकड कमी असते. पावसाळ्यात केलेल्या कामाचे पैसे दिवाळीला निघाले तर नशीब, संक्रांत धरून चाला. गाळप चालू असताना उलट. तेव्हा ठरलेलं काम नसतं, पण रात्री दोनला फोन येतो की ज्यूस फ्लो दाखवत नाही, बॉयलरची ड्रम लेव्हल नाचतेय. तेव्हा कोणी भाव करत नाही. एक तास मिल थांबली तर काय होतं हे चीफ इंजिनिअरला माहीत असतं, उसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागतात.

तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरात सोडणं बरं. पगार थांबेल तेव्हा ब्रेकडाउन सुरू झालेले असतील. मेमध्ये सोडलंत तर चार महिने राबाल आणि घरी काही दिसणार नाही. नेमकं तेव्हा घरात बोलणी सुरू होतात.

एक विनंती. आत्ताच्या कंपनीचं गिऱ्हाईक, सप्लायर, ड्रॉइंग, काही उचलू नका. सांगली-मिरज-कुपवाड म्हणजे एकच चहाची टपरी आहे. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला मनाई असेल तर तेही वाचून घ्या.

गोडोलीकर | गुरुवार, दुपारी ३:२०

सातारा. मी सोडून परत नोकरीला लागलेला माणूस आहे, तेव्हा माझंही ऐका.

कॅडवर जिग-फिक्स्चर डिझाइन करतो. एमआयडीसीतल्या एका कंपनीत होतो, तिथल्याच मॅनेजरनं दुसरीकडे गेल्यावर मला काम द्यायला सुरुवात केली. महिन्याला ३५-४० हजारांचं काम, एकट्या त्याच्याकडून. मला वाटलं झालं, सुटलो. पगारापेक्षा जास्त येतंय तर थांबायचं कशाला? सोडली. सातव्या महिन्यात त्याची बदली झाली, नवीन माणसानं स्वतःचा माणूस आणला. मी गोडोलीतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून फोनकडे बघत होतो. आई दर तासाला चहा विचारायची, कारण तिलाही काय बोलावं कळायचं नाही.

अकराव्या महिन्यात शिरवळला नोकरी धरली. रोज पहाटे बसनं जायचो. लाज वाटली, खोटं का बोलू. पण त्या दोन वर्षांत गुपचूप पाच गिऱ्हाइकं बांधली, एकाचाही वाटा तिसऱ्या भागापेक्षा जास्त होऊ दिला नाही. पुन्हा सोडली त्याला आता चार वर्षं झाली.

तेव्हा रक्कम बघू नका, किती जणांकडून येते ते बघा. आणि फोन कोण करतंय ते बघा. माझ्या वेळी मला एक माणूस फोन करत होता. पॅनलवाला, तुम्हाला कोल्ड स्टोरेजवाल्यानं फोन केला तो नंबर त्याला कोणी दिला?

पॅनलवाला | गुरुवार, रात्री १०:१५

चांगला प्रश्न. त्यांना दिला पलूसच्या एका पोल्ट्रीवाल्यानं. पोल्ट्रीवाल्याला कोणी दिला माहीत नाही, माझ्या ओळखीचा नव्हता तो. सातपैकी चार जण असेच आलेत.

आकडेमोड, खूप खूप धन्यवाद. दहा वर्षांचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. उद्याच एचआरला तारीख विचारतो. (हो, रिटर्नबद्दल खासगी निरोप पाठवतो.)

जुना वेल्डर, पाच आठवडे मंजूर. रविवारपासून बिलं घेऊन निघतो.

माळावरचा | गुरुवार, रात्री १०:४०

४५ दिवसांचा कायदा आहे की! सूक्ष्म-लघु उद्योगाचं (एमएसएमई) बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावंच लागतं, नाहीतर पैसे देणाऱ्याला आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. २०२३-२४ पासून. घाला दम.

आकडेमोड | शुक्रवार, सकाळी १०:००

कायदा बरोबर सांगितलात. पण त्याला उद्यम नोंदणी हवी आणि हातात बिल हवं. तोंडी सांगितलेल्या आकड्याला कोणता कायदा लावणार? शिवाय सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते म्हणून पहिल्याच वर्षी केलीत, तर पुढच्या वर्षी कुपवाडात चहालाही कोणी बोलावणार नाही. बिलाखाली उद्यम क्रमांक आणि 'देय ४५ दिवस' एवढं छापलं तरी मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले आपणहून जागे होतात, मार्च आला की जास्तच. आणि टीडीएस कापून पैसे येतील, कोणी एक टक्का कापेल, कोणी दोन, कोणी दहा. वहिनींचे २८ हजार कापल्यानंतरच्या रकमेतून काढायचेत हे विसरू नका.

मिरजकरीण | शुक्रवार, दुपारी १२:३०

वहिनींनी एका ओळीत प्रोजेक्ट रिपोर्ट दिला.

पॅनलवाला | (त्या रविवारपासून पाच आठवडे आणि दोन दिवसांनी) मंगळवार, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. मधे पाऊस, सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं तेव्हा चार दिवस कंपनीतच मुक्काम, मोटारी वर उचलून ठेवायच्या होत्या. त्यामुळे दोन रविवार गेले.

हिशेब: ७४ हजारांपैकी ४६,५०० आले.

सातजणांचं थोडक्यात सांगतो, कारण मला वाटलं होतं त्यातलं एकही तसं झालं नाही. ज्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरत होतो, माधवनगरचे लूमवाले, त्यांनी बिल हातात घेतलं, चष्मा लावला आणि मुलाला म्हणाले, "दे रे यांचे." १८ हजार. दोन मिनिटांत. वर मलाच विचारलं, एवढे दिवस कुठं होता? ते वर्षभर वाट बघत होते की मी बिल कधी आणतोय, त्यांना खर्चात दाखवायचं होतं.

ज्यांच्याकडे जेवलो होतो, ज्यांना मागायला जीव होत नव्हता, त्यांच्याकडे १४ हजार होते. त्यांनी पुन्हा जेवायला बसवलं. मटण होतं. पैशांचं निघालं की विषय उसाच्या बिलावर. तीनदा गेलो, तीनदा जेवलो. एक रुपया नाही. बायको म्हणाली, चौथ्यांदा मलाही ने.

पोल्ट्रीवाल्यांनी निम्मे दिले, बाकीचे पुढच्या बॅचला. दोघांनी पूर्ण दिले, रकमा लहान होत्या. एकानं सांगितलं की ते काम तू केलंच नाहीस, दुसऱ्यानं केलं. त्या कंट्रोलरच्या आत मी टेपवर तारीख लिहून चिकटवतो, सवय आहे, ती दाखवली. तो म्हणाला, बघतो. तिथं पुन्हा जाणार नाही. पैसे सोडले आणि माणूसही. राहिलेल्या एकाचा फोन लागत नाही.

यातून माझ्या ध्यानात आलं ते असं की मागताना पहिल्या दोन वेळा घसा कोरडा पडला, तिसऱ्या वेळी नुसतं बोललो. त्यात अपमान वगैरे काही नव्हता. माझ्याच डोक्यात होता.

एचआरकडची तारीख माझ्या मनातल्या तारखेपेक्षा सात आठवड्यांनी पुढची निघाली. पहिले सात आठवडे कंत्राटदाराच्या नावावर होतो म्हणे. आकडेमोड, तुमचे पाय धरायला हवेत. म्हणजे नोव्हेंबर नाही, जानेवारी उजाडणार. टॉपअपचा अर्ज केलाय. वडिलांना शुगर आहे, त्यांच्या पॉलिसीचं विमा कंपनीकडे विचारलंय.

राजीनामा लिहिलेला नाही.

गोडोलीकर | मंगळवार, रात्री १०:०५

तो मटणवाला जपा. १४ हजारांत धडा स्वस्त आहे, मला एक वर्ष लागलं होतं.

भडंगवाला | मंगळवार, रात्री १०:१२

तीनदा मटण म्हणजे १४ हजारांतले दीड-दोन हजार तरी फिटले म्हणायचे.

जुना वेल्डर | मंगळवार, रात्री ११:००

४६,५०० म्हणजे शंभरातले बासष्ट-त्रेसष्ट आले. पहिल्या खेपेला छान आहे. आता नवीन कामाचा दर आधी सांगायला लाग. गेल्यावर नाही, फोनवरच.

पॅनलवाला | रविवार, रात्री १०:४०

आज दुपारी पुन्हा तासगाव रोडच्या त्याच कोल्ड स्टोरेजवरून फोन. दुसऱ्या चेंबरचा डिस्प्ले उलटसुलट आकडे दाखवतोय. मी म्हणालो, येतो, व्हिजिटचे दोन हजार होतील, सामान वेगळं. बोलून झाल्यावर दोन सेकंद पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. मग म्हणाले, "या की, कोण नाही म्हणतंय? पण बिल पाहिजे पक्कं, आमचा ऑडिटर बोंबलतो."

जाऊन आलो. तोच आजार होता, बॉक्समध्ये पाणी. त्यांना म्हणालो, सहाही चेंबरचे बॉक्स बदलून बाहेर वरच्या अंगाला घेऊ, मग हा फोन येणार नाही. कोटेशन द्या म्हणाले. बेदाणा याही वेळी दिला, एक किलो.

आतापर्यंत साध्या कागदावर लिहून देत होतो. येताना हरभट रोडला थांबून बिलबुक घेतलं. दुकानदार म्हणाला, छापून देतो, फर्मचं नाव काय? मला काही सुचेना. मागे गिऱ्हाईक थांबलेलं. शेवटी कोरंच घेतलं, पन्नास पानी, कार्बनसकट. पहिलं पान तासगावचं. वर स्वतःचं नाव हातानं लिहिलं. शिक्का नंतर करेन.

जुना वेल्डर | रविवार, रात्री ११:१५

शिक्क्यावर मोबाइल नंबर मोठा घाल. माझ्या शिक्क्यावर आडनाव ठसठशीत आलंय आणि नंबर मुंगीएवढा. गिऱ्हाईक दर वेळी चष्मा शोधत बसतं.

भडंगवाला | रविवार, रात्री ११:२०

आणि बेदाणा बिलात लावू नगस.